शनिवारी अपग्रेड, शनिवारीच साइट व्हिजिट

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला ऑफिस असलेल्या एका बांधकाम कंपनीत हे गृहस्थ सीआरएम, म्हणजे ग्राहक आणि त्यांच्या चौकशांची नोंद ठेवणारी प्रणाली, सांभाळतात. सेल्सफोर्स, साठेक युजर, वाकड, रावेत आणि वाघोली अशा तीन साइट. वर्षातून तीनदा अपग्रेड येतं आणि दर वेळी काहीतरी अडकतं. साहेब म्हणतात, "क्लाउडवर घेतलंय ना? मग अपग्रेडचं नियोजन आपण कशाला करायचं?" यांना विचारायचंय की नियोजन करायचंच तर नेमकं कशाचं, कधी, आणि सेल्सफोर्स बसवून देणाऱ्या पार्टनर कंपनीने पुढे केलेला वार्षिक करार घ्यावा का.

साहेबांचं अर्धं बरोबर आहे. सर्व्हर, डेटाबेस, सुरक्षेचे पॅच यातलं काहीही तुम्हाला करायचं नाही. "या खेपेला आम्हाला नको" असं म्हणायची सोयही नाही. राहिलेलं अर्धं मी असं समजावते: सोसायटीच्या लिफ्टची सर्व्हिसिंग लिफ्टवाला करतो, पण कोणत्या दिवशी करणार याची पाटी लावणं आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना मंगळवारी डायलिसिसला न्यायचं असतं हे लक्षात ठेवणं सेक्रेटरीकडेच असतं. तुम्ही सेक्रेटरी आहात.

सेल्सफोर्सची वर्षात तीन रिलीज: स्प्रिंग, समर, विंटर. नावं ऋतूंची, पण 'समर' आपल्याकडे मृगाच्या आसपास येतं आणि 'विंटर' नवरात्राच्या तोंडावर. नावावर जाऊ नका, तारखेवर जा. मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स ३६५ हे सीआरएम वापरणाऱ्यांना एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन लाटा असतात, आणि साधारण दोन महिने आधी त्यातले बदल चाचणीच्या वातावरणात चालू करून बघता येतात. झोहो या आणखी एका सीआरएममध्ये बदल टप्प्याटप्प्याने येतात, सगळ्यांना एका दिवशी नाही. पुढे जे सांगतेय ते थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडेल, पण उदाहरणं तुमच्या सेल्सफोर्सची घेते.

रिलीजमधले बदल तीन जातीचे असतात. काही आपोआप चालू होतात. काही येऊन नुसते पडून राहतात, अ‍ॅडमिनने चालू केले तरच दिसतात. तिसरी जात सेटअपमधल्या 'रिलीज अपडेट्स' या पानावर सापडते: आज ऐच्छिक, पण अमुक रिलीजपासून सक्तीचे. लोक रिलीज नोट्सची शेकडो पानं घेऊन बसतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडून देतात. मी आधी हे पान उघडते. पुढच्या दोन रिलीजमध्ये काय सक्तीचं होणार ते वहीत लिहून काढते, मग नोट्समधलं आपल्याला लागू असलेलं तेवढं वाचते. तुमच्याकडे सर्व्हिस क्लाउड (तक्रारी आणि ग्राहकसेवेचा भाग) नसेल तर त्याचं प्रकरण वाचून काय करणार?

पण नुसतं वाचूनही भागत नाही. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका बांधकाम कंपनीचं काम बघत होते. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म भरला की सीआरएममध्ये लीड, म्हणजे चौकशीची नोंद, तयार व्हायची, आणि ती 'गेस्ट युजर'च्या (लॉगिन न करता आलेल्या पाहुण्याच्या) नावावर पडायची. आमचा वाटपाचा नियम असा लिहिलेला की मालक गेस्ट युजर असेल तर लीड प्रीसेल्सच्या, म्हणजे पहिला फोन करणाऱ्यांच्या, रांगेत टाका. मग सुरक्षेसाठी नियम बदलला: गेस्ट युजरने केलेल्या नोंदीचा मालक तो स्वतः राहणार नाही, नोंद ठरवून दिलेल्या डिफॉल्ट मालकाकडे जाईल. ही सूचना आधीच्या रिलीजपासून त्या पानावर होती. मी ती वाचलीही होती. 'डिफॉल्ट मालक भरलेला आहे ना' एवढं बघून टिक केलं. तो मालक कोण, हे काही बघितलं नाही.

शनिवार होता. अकरापासून साइटवर गर्दी, फोन वाजतायत, लोक थेट येतायत, त्यामुळे फॉर्मच्या लीड्स येत नाहीयेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. साडेचारला एक जोडपं सेल्स ऑफिसात येऊन म्हणालं, "सकाळी फॉर्म भरला, तुमचा फोनच नाही. शेजारच्या प्रोजेक्टवाल्यांचे तीन येऊन गेले." मी घरी लॅपटॉप उघडला. चाळीसेक लीड्स एका माणसाच्या नावावर शिस्तीत रांग लावून बसलेल्या. तो माणूस दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून बंगळुरूला गेलेला. त्याचं खातं चालू ठेवलेलं, कारण "बंद केलं तर काहीतरी तुटेल" असं कधीतरी कुणीतरी म्हणालं होतं.

सॉफ्टवेअरने जे सांगितलं होतं तेच केलं. तुटला तो आमचा जोड. म्हणून अपग्रेडच्या नियोजनाचं पहिलं काम मी जोडांची यादी करणं हे मानते, आणि हे काम अपग्रेडची तारीख कळायच्या कितीतरी आधी करायचं असतं. तुमच्या धंद्यात काय काय जोडलेलं असेल ते मला न बघता सांगता येतं: प्रॉपर्टी पोर्टलवरून येणाऱ्या लीड्स, वेबसाइटचा फॉर्म, कॉल सेंटरची आयव्हीआर ('एक दाबा, दोन दाबा' म्हणणारी) यंत्रणा, व्हॉट्सअ‍ॅप, डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) मंजूर करून घेतलेले एसएमएसचे टेम्प्लेट, टॅली किंवा दुसरी अकाउंट्सची प्रणाली, चॅनेल पार्टनरचं, म्हणजे ब्रोकरांचं, पोर्टल, आणि अलॉटमेंट लेटर (फ्लॅट दिल्याचं पत्र), डिमांड लेटर (हप्त्याच्या मागणीचं पत्र) बनवणारं काहीतरी. शिवाय कुणीतरी हौसेने बनवलेली एक एक्सेल असते, जी रोज सकाळी सीआरएममधून आकडे ओढते आणि थेट एमडींच्या टेबलावर जाते. ती यादीत हमखास राहून जाते आणि बंद पडली की पहिला फोन तिच्यासाठीच येतो.

प्रत्येक जोडापुढे चार गोष्टी लिहा. तो कुणाच्या लॉगिनने चालतो. एपीआयची, म्हणजे बाहेरची प्रणाली सीआरएमशी ज्या दारातून बोलते त्याची, कोणती आवृत्ती वापरतो. बिघडला तर फोन कुणाला करायचा, म्हणजे कंपनीचं नाव पुरत नाही, माणूस आणि त्याचा नंबर. आणि तो चार तास बंद राहिला तर आपलं काय अडेल. पहिल्या रकान्यात जर सोडून गेलेल्या माणसांची नावं दिसली, आणि दिसतीलच, तर प्रत्येक जोडासाठी वेगळं इंटिग्रेशन खातं काढा. हे एक काम केलंत तरी पुढच्या कटकटी बऱ्याच कमी होतील.

दुसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण सोडू नका. सेल्सफोर्स जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालू ठेवतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. तरी ७ ते २० या आवृत्त्या समर २०२२ मध्ये काढल्या आणि २१ ते ३० समर २०२५ मध्ये. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणा फ्रीलान्सरने लिहून दिलेला, तेव्हापासून कुणी हात न लावलेला कोड अशा वेळी एका सकाळी गप्प होतो. आपोआप चालणारे नियम बनवायची जुनी साधनं, वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर, यांचंही तसंच: ३१ डिसेंबर २०२५ ला त्यांचा सपोर्ट संपला. ते लगेच बंद पडत नाहीत, पण बिघडले तर दाद मागायला जागा नाही. सगळं फ्लो या नव्या साधनात न्यावं लागेल. इथे माझं मत जरा वेगळं आहे. रूपांतराचं तयार साधन आहे म्हणून एका बटणात सगळे नियम हलवू नका. आधी बघा की त्यातले जिवंत किती आहेत. एका ठिकाणी मी अठ्ठावन्न नियम मोजले होते आणि त्यातले तीसेक अशा योजनांसाठी होते ज्यांचा ताबा देऊन, सोसायटी स्थापन होऊन, लोक तिथे राहायलाही गेले होते. मेलेलं ओझं नव्या घरात कशाला न्यायचं?

आता सँडबॉक्स, म्हणजे चाचणीसाठी काढलेली तुमच्या सीआरएमची नक्कल. रिलीज प्रत्यक्ष येण्याच्या चार ते सहा आठवडे आधी ते प्रीव्ह्यू सँडबॉक्समध्ये बघायला मिळतं. कोणता सँडबॉक्स प्रीव्ह्यूवर जाणार हे तो कोणत्या इन्स्टन्सवर (सेल्सफोर्सच्या सर्व्हरच्या गटावर) आहे यावरून ठरतं, आणि हवं तिकडे जायचं असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत तो रिफ्रेश करावा, म्हणजे नक्कल नव्याने काढावी, लागते. ही तारीख चुकली की चुकली. जमलं तर एक सँडबॉक्स नव्यावर आणि एक जुन्यावर ठेवा. काही अडलं की दोन्हीकडे तेच करून बघायचं. जुन्यावरही अडलं तर दोष अपग्रेडचा नाही, आपला आधीचाच आहे. असं निम्म्या वेळा निघतं. रिफ्रेशचेही नियम आहेत: डेव्हलपर सँडबॉक्स रोज रिफ्रेश करता येतो पण त्यात डेटा २०० एमबीच मावतो, पार्शल कॉपी पाच दिवसांनी आणि ५ जीबी, फुल सँडबॉक्स मात्र २९ दिवसांनी. म्हणजे फुल सँडबॉक्स चुकीच्या दिवशी रिफ्रेश केलात तर पुढचा महिना हात चोळत बसायचं. तुमच्या आकाराच्या कंपनीला फुल सँडबॉक्सची गरज नाही असं मला वाटतं. पार्शलमध्ये एका साइटचा खरा डेटा नीट निवडून आणला की काम भागतं.

एक धोक्याची जागा दाखवून ठेवते. सँडबॉक्स तयार होताना तुमच्या युजरच्या ईमेल पत्त्यांच्या शेवटी '.invalid' हे शेपूट लागतं, त्यामुळे त्यांना मेल जात नाही. ग्राहकांच्या पत्त्यांना मात्र काहीही होत नाही, ते खरेच राहतात. नव्या सँडबॉक्समध्ये बाहेर मेल जाणं बंद असतं, पण चाचणीसाठी कुणीतरी ते चालू करतो, आणि मग हप्त्याच्या आठवणीची मेल चाचणी म्हणून खऱ्या फ्लॅटधारकांना जाते. व्हॉट्सअ‍ॅप आणि एसएमएसला तर ही कडीही नसते, कारण ते बाहेरच्या सेवेतून जातात. तिची किल्ली सँडबॉक्समध्ये आली असेल तर मेसेज सुटणारच. म्हणून रिफ्रेशनंतरचं पहिलं काम: ग्राहकांचे फोन आणि ईमेल बदलून टाकणं, बाहेरच्या सेवांच्या किल्ल्या काढणं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर खऱ्या ग्राहकांचे पॅन आणि आधारचे तपशील चाचणीच्या जागेत उघडे ठेवणं बरंच महागात पडू शकतं.

चाचणी कशाची करायची? दोनशे ओळींची टेस्ट केसची एक्सेल मीही एके काळी बनवायची. ती कुणी भरत नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांपुढे 'पास' लिहिलेलं येतं. आता मी पैशाची वाट धरते. चौकशी आली, योग्य माणसाकडे गेली, साइट व्हिजिट ठरली, बुकिंग झालं, अलॉटमेंट लेटर निघालं, डिमांड लेटर गेलं, पावती झाली, चॅनेल पार्टनरची ब्रोकरेज लागली. एवढ्या आठ पायऱ्या तीनही साइटसाठी आणि दोन-तीन आडवळणांसह: बुकिंग रद्द करणं, दोघांच्या नावावर फ्लॅट, एकाच फोन नंबरवरून दुसऱ्यांदा आलेली चौकशी. बाकी सगळं यातून आपोआप तपासलं जातं किंवा तुटलं तरी सोमवारपर्यंत थांबू शकतं.

पत्र छापताना देवनागरी जरूर बघा. इंग्रजी पीडीएफ सहसा बिघडत नाही, पण मराठी नावं असलेल्या पत्रात फॉन्टचं काहीतरी हलतं आणि जोडाक्षरं सुटी होतात. मी मुद्दाम 'कुऱ्हाडे' आणि 'श्रीकृष्ण' ही नावं घालून पत्र काढते. ही दोन नीट आली तर बाकीची येतात. वेलांटी एका ओळीवर आणि अक्षर दुसऱ्या ओळीवर गेलेलं डिमांड लेटर मी पाहिलंय. आयुष्याची कमाई घालणाऱ्या माणसाच्या हातात तसलं पत्र देऊ नये.

आणि चाचणीला आयटीतली मुलं बसवू नका. वाकडच्या साइटवर फोन घेणारी मुलगी बसवा, अकाउंट्समधले जुने काका बसवा. त्यांना "हे तपासा" म्हणू नका, "रोजचं काम करा" म्हणा, चहा मागवा आणि मागे खुर्ची टाकून गप्प बसा. त्या मुलीचा हात जिथे थबकतो ती जागा टिपून घ्या. एका कंपनीत असंच बसल्यावर कळलं की नव्या मांडणीत 'पुढचा फॉलोअप' हा रकाना खाली सरकलाय आणि छोट्या लॅपटॉपवर तो दिसतच नाही. चुकलं काहीच नव्हतं, पण आठवडाभरात फॉलोअप निम्म्यावर आले असते.

आता 'कधी'. आयटीचा सगळा शहाणपणा शनिवार-रविवारी बदल करा असं सांगतो, आणि रिलीजही वीकेंडलाच येतं. तुमचा धंदा नेमका उलटा आहे. शनिवार-रविवारी साइट व्हिजिट असतात, मंगळवारी ऑफिस शांत असतं. प्रत्यक्ष बंद काळ सहसा काही मिनिटांचाच असतो, तेवढ्याची धास्ती नको. धास्ती आहे ती बदललेलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा वापरलं जाणार ते सगळ्यात गर्दीच्या दिवशी, याची. रिलीजच्या तीन वीकेंडपैकी तुमचा कोणता हे सेल्सफोर्सच्या स्टेटस पानावर आपला इन्स्टन्स टाकून बघा आणि तो दिवस सेल्स हेडच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका. त्या शनिवारी अ‍ॅडमिन घरी नाही, सगळ्यात मोठ्या साइटवर हवा. प्रोजेक्टचं लाँच तर त्या वीकेंडला ठेवूच नका.

तुमचे स्वतःचे बदल, म्हणजे फ्लोची सफाई, नवी मांडणी, जोडांच्या नव्या आवृत्त्या, हे रिलीजला चिकटवू नका. रिलीजच्या आधी दोन आठवडे आणि नंतर एक आठवडा आपल्याकडून काही हलवायचं नाही. नाहीतर बिघाड झाला की कशामुळे झाला याचा पत्ता लागत नाही. मग मोठं काम करायचं कधी? पितृपक्षात. हसू नका. बुकिंग मंद असतात, सेल्सच्या लोकांना वेळ असतो, चाचणीला माणसं मिळतात. फक्त दर वर्षी पंचांग बघा: २०२५ मध्ये नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ११ ऑक्टोबरला बसतं. त्यामुळे विंटर रिलीज एखाद्या वर्षी पितृपक्षात पडतं आणि एखाद्या वर्षी ऐन घटस्थापनेच्या गडबडीत, आणि पितृपक्षातच पडलं तर आपलं काम त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे सारायचं. मार्चही सोडा: वर्षअखेर, गुढीपाडवा, आणि १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर बदलतील म्हणून त्याआधी नोंदणी उरकण्याची घाई, तिन्ही आसपास येतात.

मागे फिरायचं असेल तर काय, असं कुणीतरी विचारतंच. फिरता येत नाही. रिलीज उलटं होत नाही, आणि दर आठवड्याचा डेटा एक्स्पोर्ट (तो घ्याच) इथे कामाला येत नाही, कारण डेटा जागेवरच असतो, वागणूक बदललेली असते. तुमच्या हातात असते ती पडती बाजू सांभाळणं. वेबसाइटच्या प्रत्येक चौकशीची एक प्रत साध्या ईमेल पेटीत जाईल असं करून ठेवा. याला खर्च जवळजवळ शून्य आणि त्या शनिवारी माझ्याकडे ही पेटी असती तर चाळीस लोकांना दुपारी बारालाच फोन गेले असते. साइटवर एक छापील व्हिजिट फॉर्मचं पॅड आणि पेन ठेवा. तरुण मुलं नाक मुरडतील, मुरडू द्या.

पहिल्या दिवशी काय बघायचं: मागच्या शनिवारी याच तासाला किती लीड्स होत्या आणि आज किती, प्रत्येक सोर्सची वेगवेगळी. एकूण आकडा फसवा असतो, फोनच्या लीड्स फॉर्मचा खड्डा झाकतात. डिफॉल्ट मालकाकडे काही साचलंय का. आणि चुकांचे मेल कुणाला जातात. हे शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं: फ्लो किंवा कोड फसला की मेल मुळात तो शेवटचा बदलणाऱ्याला जातो. तो माणूस सोडून गेला असेल तर तुमचं सीआरएम महिनोन्‌महिने एका बंद पेटीत तक्रारी टाकत असतं. सेटअपमध्ये हे पत्ते बदलता येतात, दहा मिनिटांचं काम आहे.

नव्या सोयींबद्दल फार लिहीत नाही. साहेबांना एआयचा डेमो आवडेल, आवडू द्या, पण अपग्रेडच्या आठवड्यात काहीही नवं चालू करू नका. महिन्याभराने एक सोय निवडा. आणि प्रशिक्षणासाठी पीडीएफ नको. स्क्रीन कुठे बदलला हे सांगणारी मिनिटभराची मराठी व्हॉइस नोट साइटच्या ग्रुपवर टाका, ती ऐकली जाते.

राहिला पार्टनरचा करार. साठ युजर आणि आठ-दहा जोड असतील तर माझ्या अनुभवात एका रिलीजला सहा ते आठ माणूस-दिवस लागतात, त्यातले निम्मे तुमच्या लोकांच्या चाचणीचे. ते कुणी विकत देऊ शकत नाही. उरलेल्यातलं कोडचं आणि जोडांचं काम पार्टनरकडे द्यायला हरकत नाही, पण करारात "रिलीज सपोर्ट" एवढेच दोन शब्द असतील तर सही करू नका. रिलीज अपडेट्सचं लेखी परीक्षण किती दिवस आधी देणार, प्रीव्ह्यूमध्ये आठ पायऱ्या कोण चालवणार, आणि रिलीजच्या शनिवारी सकाळी दहा ते सात फोन कोण उचलणार, हे नावानिशी लिहून घ्या. "आमचा सपोर्ट सोमवार ते शुक्रवार असतो" असं उत्तर आलं, तर त्यांना तुमच्या वाघोलीच्या साइटवर एका रविवारी जेवायला बोलवा.